‘पारंपरिक’ म्हणजे कोण?

काही वर्षांपूर्वी लोकप्रिय संगीतावरच्या एका इंग्रजी संशोधनग्रंथासाठी मी अकरा मराठी गाण्यांची भाषांतरं केली. गाणी ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटींवरची होती. संपादकांनी प्रत्येक गाण्याचं ध्वनिमुद्रण, ते ऐकून उतरवलेला मजकूर आणि कॅसेटच्या कव्हरचा फोटो असा संच पाठवला होता. सातव्या गाण्याच्या कव्हरवर गायकाचं नाव ठळक अक्षरांत होतं, त्याखाली संगीत संयोजकाचं, कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि बोधचिन्ह. ‘गीत’ या शब्दापुढे लिहिलं होतं : पारंपरिक. मी भाषांतराखाली त्याचा इंग्रजी प्रतिशब्द टाकला आणि आठव्या गाण्याकडे वळले. त्या एका शब्दावर मी दोन सेकंद घालवले असतील. त्याच गाण्यातल्या ‘पदर खोचणं’ या क्रियेला इंग्रजीत काय म्हणावं, यावर दोन दिवस घालवले होते.

ग्रंथ आला. पुढे नाशिकच्या एका लहानशा कार्यक्रमात त्या गाण्यांवर बोलायला मला बोलावलं. मूळ मराठी वाचायचं, मग भाषांतर, मग दोन शब्द, असा बेत होता. सातवं गाणं वाचून झालं तेव्हा मागच्या रांगेतल्या पन्नाशीच्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, “ताई, वाचलंत छान. पण शेवटचं कडवं का खाल्लंत?” मी म्हटलं, कॅसेटवर एवढीच कडवी आहेत. “कॅसेटवर नसंल. आमच्या वहीत आहे,” त्या म्हणाल्या, आणि उभ्या उभ्या त्यांनी ते कडवं म्हणून दाखवलं. चार ओळी. चौथ्या ओळीत एक नाव होतं. त्यांच्या वडिलांचं.

वडील दिवसा कारखान्यात काम करत, रात्री गायन पार्टीत कोरसला बसत आणि गाणी लिहीत. हे गाणं दुसऱ्या पार्टीच्या गायकाने ऐकून उचललं, त्याच्याकडून ते स्टुडिओत गेलं आणि तिथे शेवटचं कडवं गळालं. वडिलांची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. गाणं चाललं याचा त्यांना आनंदच होता, असं बाईंनी सांगितलं. राग होता तो मुलीला, आणि तोही कंपनीचा नव्हता. “कंपनीवाला धंद्यावर बसलेला माणूस. त्याचं समजतं. तुम्ही तर शोधायला बसलेली माणसं.”

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नाही. ते जिथे जायला हवं तिथे पोचवावं, एवढ्यासाठी हा लेख : लोकप्रिय संगीतावर संशोधन करणाऱ्यांकडे, त्यांचे ग्रंथ संपादित करणाऱ्यांकडे, आणि माझ्यासारख्या भाषांतरकारांकडे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कॅसेटवरचा, तबकडीवरचा किंवा आजच्या मोबाइल ॲपवरचा ‘पारंपरिक’ हा शब्द धंद्याच्या हिशेबातला शब्द आहे. आपण तो संशोधनाचा निष्कर्ष समजून, न तपासता उतरवून घेतो आणि त्या हिशेबावर विद्यापीठाचा शिक्का मारून देतो.

हिशेब कसा चालतो ते पाहू. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एका गाण्यात निदान तीन वेगळ्या वस्तू असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्दांवरचा हक्क लिहिणाऱ्याचा. तो त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते काढणाऱ्याचा. तो प्रकाशनापासून साठ वर्षं. दुसऱ्याचे शब्द रेकॉर्ड करायचे तर त्याची परवानगी घ्यावी लागते. निदान ऐंशीच्या दशकात ‘व्हर्जन’ काढणाऱ्यांनी ज्या कलमाचा आधार घेतला, त्यानुसार मालकाला आगाऊ सूचना आणि ठरलेलं मानधन द्यावं लागे. दोन्ही वाटांवर मालक नावाचा कुणीतरी असावा लागतो. ‘पारंपरिक’ लिहिलं की तो नाहीसा होतो. सूचना कुणाला द्यायची, पैसे कुणाला पाठवायचे, हा प्रश्नच उरत नाही. गंमत अशी की त्याच कव्हरच्या खालच्या कडेला ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क राखून ठेवल्याची आणि नक्कल केल्यास कारवाईची सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते. एकाच कागदावर शब्द सगळ्या समाजाचे आणि आवाज एका कंपनीचा.

दर वेळी यात लबाडी असते असं मी म्हणत नाही. पुष्कळदा स्टुडिओत बसलेल्यांना खरंच माहीत नसतं. पण ज्या अज्ञानातून पैसे वाचतात ते दूर करण्याची घाई कुणाला नसते, आणि म्हणूनच ते दूर करणं हे बाहेरच्या माणसाचं, अभ्यासकाचं काम ठरतं.

हे काम कसं करतात याचा धडा आपल्यासमोर होता. पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ हे उत्तर भारतातल्या लोकप्रिय संगीतावरचं पुस्तक १९९३ मध्ये आलं. स्वस्त कॅसेटमुळे एका मोठ्या ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी कशी मोडली, गल्लीबोळांतून छोटे उत्पादक कसे उभे राहिले, प्रादेशिक भाषांतल्या गाण्यांना बाजार कसा मिळाला आणि कायद्याच्या फटीतून ‘व्हर्जन’चा धंदा कसा फोफावला, हे त्यांनी दाखवलं. कॅसेट कोण काढतो, किती खर्चात काढतो, कुणाला विचारून काढतो, हे प्रश्न गाण्याच्या अर्थाइतकेच महत्त्वाचे आहेत, हा त्या पुस्तकाचा धडा.

तो आपण अर्धाच घेतला. लोकप्रिय संगीताचा अभ्यास ही आता प्रतिष्ठित शाखा आहे. तिची आंतरराष्ट्रीय संघटना १९८१ मध्ये स्थापन झाली आणि केंब्रिजचं ‘पॉप्युलर म्युझिक’ हे नियतकालिकही त्याच वर्षी निघालं. पण भाषांतरासाठी माझ्याकडे जे लेख येतात त्यांवरून सांगते, या घरात दोन खोल्या झाल्या आहेत. एकीत उद्योगाचा अभ्यास चालतो : कंपन्या, बाजारपेठ, स्ट्रीमिंग, महसूल. दुसरीत गाण्याच्या अर्थाचा : जात, लिंग, प्रतिकार, स्मृती. पहिल्या खोलीत मराठी कुणी वाचत नाही. दुसऱ्या खोलीत कॅसेटचं कव्हर कुणी वाचत नाही. एखाद्या गाण्यातल्या प्रतिकारावर चाळीस पानं लिहिली जातात, आणि तो प्रतिकार नेमका कुणी केला याच्या उत्तरादाखल कंपनीने छापलेला शब्द उतरवला जातो.

कॅसेट गेल्या तरी शब्द गेला नाही. आज प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. त्यावरून ते कुणाच्या मालकीचं आहे हे यंत्राला कळतं. शब्द आणि चाल यांच्यासाठीही वेगळा क्रमांक आहे, पण तो मिळायला कुणीतरी कर्ता म्हणून नोंद करावी लागते. वहीत गाणी लिहिणाऱ्याची अशी नोंद कोण करणार? मग गीतकाराच्या रकान्यात जुन्या कव्हरवरचा शब्द टाकला जातो आणि एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवर जातो. पुढचा संशोधक तिथून उतरवतो आणि त्याच्यापुढचा या संशोधकाचा ग्रंथ आधार म्हणून देतो.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं : आपली परंपराच अनामिक आहे, आपल्याकडे कर्तृत्वाची कल्पना पाश्चात्त्य आहे. हे उत्तर देणाऱ्याने आपल्या कोणत्याही भाषेतलं गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नसतं. मराठी अभंगाचा शेवट कवीच्या नावाने होतो. नामदेव, जनाबाई, चोखामेळा, तुकाराम यांची नावं आपल्याला माहीत आहेत ती कुठल्या मुखपृष्ठामुळे नाहीत, शेवटच्या चरणातल्या नाममुद्रेमुळे. शाहीर पोवाड्याच्या आणि लावणीच्या अखेरीस स्वतःचं, साथीदाराचं, कधी गुरूचंही नाव गुंफतो. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो आणि ऐकणारे त्याची वाट पाहत असतात. मी हैदराबादला राहते. इथे वेमनाच्या पद्यातला ठरलेला शेवट शाळकरी मुलांनाही पाठ असतो आणि त्यात वेमनाचं नाव असतं. उर्दू गझलेचा मक्ता, बंगाली पदातली भणिता, कन्नड वचनांतलं अंकित, कबीराच्या पदातली कबीराची हाक या सगळ्या सह्याच आहेत. ज्या परंपरेत छपाई नव्हती, तिने नाव टिकवण्याची सोय गाण्याच्या आतच केली. आपली परंपरा नावाबाबत बेफिकीर नव्हती. ती नावाबाबत अतिशय सावध होती.

मग नाव गेलं कुठे? काही अंशी यंत्रात. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमातलं गाणं तीन मिनिटांत बसवायचं तर कडवी कापावी लागतात, आणि धृपद कुणी कापत नाही. कात्री शेवटाकडूनच चालते. आणि सही तर शेवटी असते. कॅसेटवर जागा जास्त होती, पण तीन-चार मिनिटांच्या गाण्याची सवय तोवर मुरली होती.

गायकांना हा धोका पहिल्या दिवसापासून कळला होता. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्गने ग्रामोफोन कंपनीसाठी गौहर जानचं गाणं रेकॉर्ड केलं, तेव्हा गाण्याच्या शेवटी तिने इंग्रजीत आपलं नाव उच्चारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. लेबलवर कुणाचं नाव टाकायचं ते तिथल्या कामगारांना कळावं म्हणून ही सोय होती, असं सांगतात. कारण काहीही असो, नाममुद्रेची जुनी रीत नव्या यंत्रात शिरली ती अशी. आणि नाव उच्चारलं नाही तर काय होतं, हे १९४९ मध्ये ‘महल’ने दाखवलं. ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. लता मंगेशकरांचं नाव त्यावर नव्हतं. आज हा किस्सा आपण गमतीने सांगतो, कारण पुढे लताबाईंचं नाव सगळ्यांना कळलं. ज्यांचं कधीच कळलं नाही त्यांचा किस्सा होत नाही.

इथे मराठीतली एक गोष्ट स्पष्टच लिहायला हवी. आपण श्रेयाच्या बाबतीत ढिसाळ समाज नाही. उलट, भावगीताबाबत आपण अत्यंत काटेकोर आहोत. आकाशवाणीने कवी, संगीतकार आणि गायक अशी तीन नावं सांगून सांगून आपल्याला वळण लावलं. ‘गीतरामायणा’तली छप्पन्न गीतं १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून प्रसारित झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, हे मराठी घरात कुणाला विचारावं लागत नाही. रामकथेहून पारंपरिक दुसरं काय असतं? तरी त्या गीतांपुढे ‘पारंपरिक’ लिहिण्याचं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. आणि त्याच महाराष्ट्रात भीमगीत, कोळीगीत, तमाशातली लावणी, वाघ्यामुरळीचं गाणं, जत्रेतलं भक्तिगीत यांच्यावर तो शब्द बिनदिक्कत चिकटतो. अनामिकता आपल्याकडे आकाशातून पडत नाही. ती वाटली जाते, आणि कुणाच्या वाट्याला येते हे जातीवर आणि वस्तीवर ठरतं.

याला अभ्यासक्रमाचाही हातभार आहे. लोकसाहित्य म्हणजे मौखिक, समूहनिर्मित आणि अज्ञातकर्तृक, ही व्याख्या पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेत लिहिली गेली. जात्यावरच्या ओवीसाठी ती काही प्रमाणात उपयोगी असेल. पण ती स्टुडिओत, करार करून, विक्रीसाठी काढलेल्या गाण्याला लावणं ही सरळ वर्गीकरणाची चूक आहे. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत आणि जनसंगीत अशा दोन वेगळ्या कोटी मराठीतच मांडून ठेवल्या आहेत. बाजारासाठी, यंत्रामार्फत तयार झालेलं गाणं दुसऱ्या कोटीत पडतं, आणि तिथे करणारा माणूस असतोच. हवा असतो तो त्याला विचारणारा.

तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्हाला रोलाँ बार्थचा लेखकाच्या मृत्यूवरचा १९६७ चा निबंध शिकवला. मला तो आवडला होता, अजूनही आवडतो. पण ज्याला लेखक म्हणून कधी जन्मच मिळाला नाही, त्याच्या मृत्यूची घोषणा आपण कोणत्या तोंडाने करायची, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नाही. मीही नाही.

आता माझ्या स्वतःच्या सोयीबद्दल. भाषांतर करण्याचा हक्क हा त्याच १९५७ च्या कायद्यानुसार मूळ लेखकाच्या हक्कांपैकी एक आहे. कवितेचं भाषांतर छापायचं तर मी कवीला पत्र लिहिते, कवी नसेल तर वारसांना. महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहते. त्या अकरा गाण्यांपैकी चारांसाठी मी अशी पत्रं लिहिली होती. उरलेल्या सातांवर ‘पारंपरिक’ होतं, म्हणजे माझी सात पत्रं वाचली. म्हणजे जो शब्द कंपनीला मानधनातून सोडवतो, तोच मला पत्रातून सोडवतो आणि ग्रंथाच्या संपादकांना परवानग्यांच्या फाइलीतून. आपण कंपनीवर टीका करतो तेव्हा हे विसरतो की त्या शब्दाचे लाभार्थी आपणही आहोत.

या साखळीचा अगदी अलीकडचा नमुना बंगालचा आहे. मार्च २०२० मध्ये ‘गेंदा फूल’ हे गाणं आलं. रॅपर बादशाह, कंपनी सोनी म्युझिक. त्यात एका बंगाली गाण्याचा मुखडा घेतला होता आणि त्याचं श्रेय बंगाली लोकगीत म्हणून दिलं होतं. बंगाली श्रोत्यांनी लगेच विचारलं, रतन कहार यांचं नाव कुठे आहे? बीरभूम जिल्ह्यातले हे लोकगायक ते गाणं आपण १९७२ मध्ये रचलं असं सांगत आले आहेत. १९७६ मध्ये ते स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात रेकॉर्ड झालं होतं. बादशाह यांचं म्हणणं असं पडलं की आधीच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांवर ते पारंपरिक लोकगीत म्हणूनच नोंदलेलं होतं. पुढे त्यांनी कहार यांना पाच लाख रुपये दिले. २०२४ मध्ये कहार यांना पद्मश्री मिळाली.

बादशाह यांचं स्पष्टीकरण मला प्रामाणिक वाटतं, आणि मुद्दा तोच आहे. नोंदी पाहिल्या, नोंदींत ‘पारंपरिक’ होतं. बंगालीत यासाठी ‘प्रचलित’ आणि ‘संगृहीत’ असे दोन शब्द रुळले आहेत. दुसरा तर अधिक बोलका आहे. संगृहीत म्हणजे कुणाकडून तरी घेतलेलं. कुणाकडून, ते लिहायचं राहून जातं. ते पाच लाख आणि ती पद्मश्री मिळाली तेव्हा तो मनुष्य हयात होता आणि श्रोत्यांना त्याचं नाव ठाऊक होतं. नाशिकच्या त्या बाईंच्या वडिलांच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप : लोकगीतांत मुखडे फिरते असतात, कडवी जोडली-तोडली जातात, चाल भलतीकडूनच आलेली असते. एकाच माणसाला कर्ता ठरवणं म्हणजे इतिहास खोटा करणं. मान्य. मग तसंच लिहा : चाल प्रचलित, मुखडा फिरता, कडवी अमक्याची. दोन कुटुंबं दावा करत असतील तर दोन्ही दावे लिहा. आणि काहीच सापडलं नसेल तर ‘कर्ता सापडला नाही’ असं लिहा आणि कुठे शोधलं तेही लिहा. ‘कर्ता सापडला नाही’ ही माझ्या शोधाबद्दलची कबुली आहे. ‘पारंपरिक’ हा गाण्याबद्दलचा दावा आहे, आणि दाव्याला पुरावा लागतो. हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही आपण सांगतो.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो आणि माझ्या मित्रमंडळींत तोच जास्त ऐकू येतो : कॉपीराइट ही भांडवलाचीच कल्पना आहे, गाणं समाजाचं राहू द्या, त्याला खाजगी मालमत्ता कशाला करता? हे मी कंपनीने ध्वनिमुद्रणावरचा हक्क सोडल्यावर ऐकेन. आज सार्वजनिक मालकी वहीवाल्यापासून सुरू होते आणि कंपनीच्या दारात संपते. शिवाय नाव आणि मालमत्ता या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याच कायद्याचं कलम ५७ सांगतं की आर्थिक हक्क विकून टाकला तरी कृती माझी आहे असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने पुढे जाऊन गीतकार-संगीतकारांना त्यांचा मानधनाचा वाटा कायमचा लिहून देण्यापासून संरक्षण दिलं. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर भांडले. पण या सगळ्या संरक्षणाची पहिली पायरी म्हणजे गीतकाराच्या रकान्यात एक माणूस असणं. तिथे ‘पारंपरिक’ असेल तर कायदा कुणाचं संरक्षण करणार?

तिसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा : प्रत्येक गाण्यामागे गावोगाव कोण हिंडणार? हिंडायलाही फार लागत नाही. दर ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला दीक्षाभूमीच्या परिसरात गाण्यांच्या पुस्तिका विकायला असतात. पातळ कागद, साधी छपाई, आणि कव्हरवर बहुधा कवीचं नाव, कित्येकदा फोटो आणि फोन नंबरसुद्धा. ज्या समाजाचं वाङ्मय आपण अनामिक ठरवतो, तो स्वतःच्या कवींची नावं छापून विकत असतो. संशोधकाचा हात मात्र कॅसेटकडे किंवा आता यूट्यूबकडे जातो, कारण ते घरबसल्या मिळतं.

आणि हिंडूनही होतं. जात्यावरच्या ओव्या ही तर ‘पारंपरिक’ शब्दाची हक्काची जागा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या शेकडो गावांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावानिशी नोंदवल्या. आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर बाईच्या नावासह, अनेकींच्या फोटोसह आहेत, आणि भाषांतरांसह आहेत. ओवी तिच्या आजीचीही असेल, पण ती कुणी, कुठे बसून, कधी गायली हे ठाऊक आहे. शर्मिला रेगे यांनी २००२ मध्ये लावणी आणि पोवाड्यावर जो लेख लिहिला, त्यातही गाणं आणि ते गाणारीचे श्रम, तिची जात आणि तिचा बाजार वेगळे काढलेले नाहीत. म्हणजे हे जमतं. साधनं कमी असतानाही जमलं आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. संशोधकांनी कॅसेटच्या कव्हरकडे पुरावा म्हणून पाहण्याआधी कराराचा कागद म्हणून पाहावं. गाणं फक्त ध्वनिमुद्रणावरून उतरवू नये, त्या गावातल्या, त्या वस्तीतल्या निदान दोन माणसांना विचारावं, “पुढचं कडवं आहे का?” संपादकांनी ‘पारंपरिक’ हा शब्द पुराव्याशिवाय छापू नये. आणि भाषांतरकारांनी पत्र वाचलं म्हणून सुटकेचा श्वास टाकू नये. मी आता गाण्याच्या भाषांतराखाली तीन ओळी लिहिते : मजकूर कुठून घेतला, कर्त्याचा शोध कुठे घेतला, आणि काय सापडलं. एका प्रकाशकाने त्या ओळी जागा खातात म्हणून कापल्या. मी ती भाषांतरं परत घेतली.

त्या शाहिरांचं नाव मी या लेखात दिलेलं नाही, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल. नाव लपवणाऱ्यांविरुद्ध लिहिलेल्या लेखात ते नसावं, हे मलाही खटकलं. मी त्यांच्या मुलीला फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, “तुमच्या लेखात नको, ताई. जिथून गेलं तिथं आधी येऊ द्या.” म्हणजे त्या ग्रंथात, सातव्या गाण्याखाली. संपादकांना मी वहीच्या पानाचे फोटो आणि शेवटच्या कडव्याचं भाषांतर पाठवलं आहे. पुढची आवृत्ती निघाल्यास दुरुस्ती करू, असं त्यांचं उत्तर आलं. अशा ग्रंथांची पुढची आवृत्ती सहसा निघत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. छापील शुद्धिपत्राची एक पट्टी उरलेल्या प्रतींत घालता येईल, असं मी परत लिहिलं आहे. पट्टीचा मजकूर दीड ओळीचा आहे. छपाईचा खर्च मी देते, असंही लिहिलं आहे. उत्तराची वाट पाहते आहे.